संपर्क क्रमांक: आजीचा

१२ जानेवारी, सोमवार
नवी वही. जुनीत बीपीचे आकडे फार झाले होते. हिच्यात लिहायचे नाहीत.

अनिरुद्धने आज जेवताना सांगून टाकलं. नातीला, निधीला, जूनच्या आत मुलुंडमध्ये बरी शाळा मिळाली नाही, तर ते तिघं बदलापूरला राहायला जाणार. तिथे सुनेच्या, शीतलच्या, बहिणीच्या कॉम्प्लेक्समध्येच शाळा आहे आणि ती शाळा लगेच घ्यायला तयार आहे. इथल्या खासगी शाळांची फी ऐकून माझ्या चिरंजीवांना झोप येत नाही म्हणे. मी विचारलं, आणि मी? म्हणाला, तू पण चल ना.

त्यातला 'पण' मला ऐकू आला.

मी जाणार नाही. पस्तीस वर्षं बँकेत नोकरी करून हे घर घेतलंय. विद्याधर याच खोलीत गेले. आणि सत्तराव्या वर्षी मी नवा डॉक्टर शोधू?

घाबरले वगैरे अजिबात नाही. घास अडकला म्हणून पाणी प्यायले.

१४ जानेवारी
शाळेचा प्रश्न सुटला. म्हणजे सुटल्यातच जमा आहे. मी स्वतः कॉन्व्हेंटची मुलगी. सिस्टर फिलोमिनाची लाडकी. एक शब्द टाकायचा अवकाश. घरात जाहीर केलं. शीतल म्हणाली, आई, हल्ली तसं चालतं का? मी म्हटलं, तुझ्या शाळेत चालत नसेल.

निधीची इंटरव्ह्यूची तयारी सुरू. 'व्हॉट इज युअर नेम' विचारलं. म्हणाली, तुला माहितीये ना. साडेतीन वर्षांची आहे. हे शीतलच्या बाजूचं.

२० जानेवारी
कॉन्व्हेंटमध्ये जाऊन आले. वॉचमनने वहीत नाव लिहायला लावलं. मला. माझ्या शाळेत.

सिस्टर फिलोमिना अकरा वर्षांपूर्वी गेल्या. कोणी कळवलं नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, अ‍ॅडमिशन ऑक्टोबरमध्येच क्लोज झाली, मॅम, अँड फॉर ग्रँडचाइल्ड देअर इज नो एनी कोटा. मी म्हटलं, 'नो' तरी म्हणा, नाहीतर 'एनी'. तिने पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी सांगितलं, रिस्पॉन्स पॉझिटिव्ह आहे.

२६ जानेवारी
शीतलने सुट्टीचा दिवस गाठून विषय काढला. महापालिकेची शाळा. मी तीनदा विचारलं, महापालिकेची? तिन्ही वेळा हो म्हणाली. इमारत पालिकेची, चालवणारी संस्था वेगळी, माध्यम इंग्रजी, सीबीएसई, फी नाही. वॉर्डातल्या कुणीही अर्ज करावा, मग सोडत. ज्याचं नाव निघेल तो आत. इंटरव्ह्यू नाही. म्हणजे घराणं, संस्कार, उच्चार, कशालाच किंमत नाही. मी म्हटलं, माझी नात चिठ्ठीतून निघणार नाही.

आमच्या राधाची नात तिथे दुसरीत आहे. राधा भांडी घासता घासता म्हणाली, चांगली आहे हो बाई, पण आमची पोरगी आता घरात सगळ्यांच्या चुका काढते, डोकं खाते नुसती. मला नीट आठवलं, मागच्या आठवड्यात त्याच पोरीने लिफ्टमध्ये मला 'एक्सक्यूज मी' म्हटलं होतं. उच्चार स्वच्छ. मी बाजूला झाले होते.

३१ जानेवारी
अनिरुद्धने शेवटी विचारलं, कॉन्व्हेंटचं काय झालं? मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. म्हणाला, मग तोवर हा फॉर्म भरून ठेवू. ऑनलाइन आहे. बदलापूरला मार्चमध्ये कळवायचंय.

मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा, यावर चर्चा. तो मीटिंगमध्ये फोन उचलत नाही, शीतलच्या ऑफिसात फोन लॉकरमध्ये ठेवतात. मी म्हटलं, माझा द्या. मी दिवसभर घरी असते. एकही फोन चुकणार नाही. शीतल म्हणाली, नक्की ना आई? मी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

शाळा मंजूर आहे म्हणून नाही. जबाबदारी म्हणून.

३ फेब्रुवारी
भयंकर. सी विंगच्या जानकीला फोनवरून अटक झाली. म्हणजे खोटी अटक. व्हिडिओवर खाकी कपड्यातला माणूस, मागे झेंडा, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय. बिचारी पाच तास फोनसमोर हलली नाही. बाथरूमला जायचीही परवानगी मागितली. मुलगा आला म्हणून वाचली. मी भेटायला गेले तर म्हणाली, अगं, त्यांना माझं सगळं माहीत होतं गं.

मला असं कुणी फसवू शकत नाही. मी बँकेतली. तरी फोनच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली. लिंक असलेले सगळे मेसेज न वाचता डिलीट. सोपा उपाय.



१० फेब्रुवारी
कुणाला न सांगता ती शाळा बघून आले. दोष लिहून घ्यायला वही नेली होती. आधी संडास पाहिले. स्वच्छ. फळ्यावरची स्पेलिंग तपासली. बरोबर. हे संशयास्पद वाटलं, म्हणून मुख्याध्यापिकेला भेटले. सुलक्षणा गायकवाड. साधी सुती साडी. आजोबा मानखुर्दच्या डम्पिंग ग्राउंडवर कामाला होते, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी इंग्रजीत बोलले, त्या इंग्रजीत बोलल्या. मी जरा अवघड इंग्रजीत बोलले, त्यांनी आणखी सोप्या इंग्रजीत उत्तर दिलं.

साठ जागा. अर्ज सातशेच्या वर. सोडत अठ्ठावीसला, कदाचित थोडी आधीही होईल, म्हणाल्या. मी विचारलं, काही करता येईल का? म्हणाल्या, प्रार्थना करा, ती फ्री आहे.

घरी येताना रिक्षात छातीत धडधडलं. साठ आणि सातशे. रिक्षावाला फार जोरात चालवत होता.

१७ फेब्रुवारी, दुपारी ३.३०
आज मी एका टोळीला पळवून लावलं. तपशील लिहून ठेवते, पोलिसांना लागेल.

अडीच वाजता अनोळखी नंबर. म्हणे, नमस्कार आजी, शाळेतून श्यामसुंदर बोलतोय. आजी. म्हणाला, निधीची निवड झालीये, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा वाचून दाखवा म्हणजे सीट कन्फर्म करतो, दोनच दिवस आहेत. त्याला निधीची जन्मतारीख माहीत, आमचा पत्ता माहीत, अनिरुद्धच्या आधारचे शेवटचे चार आकडेही माहीत. जानकीचं अगदी हेच झालं होतं. मी आवाज बँकेतलाच ठेवला.

मी इंग्रजीत विचारलं, व्हॉट इज युअर डेझिग्नेशन? तो म्हणाला, हां मॅडम? तिथेच पकडला. मुख्याध्यापिका असं इंग्रजी बोलते आणि शाळेतला माणूस 'हां मॅडम' म्हणेल? शिवाय सोडत अठ्ठावीसला. मी म्हटलं, माझे दीर पोलीस कमिशनर आहेत, तुझं लोकेशन ट्रेस होतंय. (दीर जकात नाक्यावर होते. त्याला काय माहीत.) तो म्हणाला, आजी, ऐका तरी, सीट जाईल. मी म्हटलं, तू जाशील, आत.

फोन ठेवला. नंबर ब्लॉक. ओटीपीचा मेसेज डिलीट.

मग अर्धा तास बसून राहिले. पंख्याखाली बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी
दुसऱ्या नंबरवरून पुन्हा. यावेळी बाई. हिंमत बघा. 'शाळेतून' एवढं म्हणाली, तेवढ्यात कट. ब्लॉक. सोसायटीच्या ग्रुपवर दोन्ही नंबर टाकले. एकवीस अंगठे आले.

घरी सांगितलं नाही. शीतल उगाच घाबरते.

२८ फेब्रुवारी
सकाळपासून फोन हातात. चार्ज शंभर टक्के. बाथरूममध्येही नेला. काही नाही.

संध्याकाळी अनिरुद्ध लॅपटॉपवर साइट उघडून बसला. बराच वेळ बघत होता. मग झाकण लावलं. म्हणाला, नाव नाही आई. शीतलला घेऊन बाल्कनीत गेला. मी म्हटलं, पालिकेचा कारभार, दुसरं काय होणार? माझा आवाज जरा चढला असेल. निधी म्हणाली, आजी ओरडू नको.

२ मार्च, सोमवार
जाब विचारायला शाळेत गेले. सातशेतल्या साठांत वशिला किती, हा माझा पहिला प्रश्न. गायकवाड बाईंनी रजिस्टर काढलं. म्हणाल्या, सोडत सतराला सकाळीच झाली, सगळ्यांना मेसेज गेला होता. पुष्कळ पालकांना साइट जमत नाही, म्हणून आमचा क्लार्क फोन करून ओटीपी विचारतो आणि इथूनच भरून देतो. तुम्हाला त्याने केला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः केला.

निधीच्या नावापुढे शेरा होता. श्यामसुंदरचं अक्षर चांगलं आहे. 'पालक इच्छुक नाहीत. आजी पोलिसात देते म्हणाल्या.'

मी म्हटलं, ओटीपी कुणालाही देऊ नये असं सरकारच सांगतं. म्हणाल्या, हो, ते तुमचं बरोबर आहे, पुढच्या वर्षी आम्ही पद्धत बदलतोय. मी म्हटलं, या वर्षीचं काय? म्हणाल्या, दोन दिवस थांबलो. मग वेटिंगमधल्या पहिल्या मुलीला सीट गेली. तिची आई इथे येऊन रडली.

त्या मुलीचं नाव विचारायचं होतं. विचारलं नाही. जिना उतरताना कठडा धरला.

५ मार्च
सांगायचं ठरवलंय. नाश्त्याला. चूक पद्धतीची आहे, माझी नाही, असं ठामपणे.

नाश्त्याला पोहे होते. जेवताना सांगेन.

१२ मार्च
अनिरुद्धने बदलापूरला कळवून टाकलं. मला सांगितलं तेव्हा शीतल माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिने असं कधी केलं नव्हतं. म्हणाली, आई, तुमची खोली तिथे धरलीये. मी म्हटलं, बघू.

आज सांगणार होते. पण ती इतकी नीट बोलत होती.

१९ एप्रिल
निर्धार: रविवारी सांगणे. आजच रविवार आहे. पुढच्या.

बदलापूरची हवा चांगली असते म्हणतात. मी आधीपासून अनुकूलच होते. फक्त माझं जायचं घाईने ठरवायचं नाही.

३० मे, शनिवार
ट्रक दोनला आला. तिघांचं सामान. माझं नाही. मी दिवाळीत बघेन, असं सांगितलंय.

हमाल कपाट उतरवत होते. अनिरुद्ध आणि शीतल खाली. रिकाम्या खोलीत मी आणि निधी. पुन्हा अशी वेळ मिळणार नाही म्हणून तिलाच सांगितलं. की तुझ्या शाळेतून फोन आला होता आणि आजीने तो कट केला. साडेतीन, आता चार वर्षांची. तिला काय कळणार? तिलाच सांगायचं म्हणून सोपं गेलं.

ती म्हणाली, बाबांना माहितीये. लॅपटॉपमध्ये लिहिलेलं होतं. बाबांनी सांगितलंय, आजीला कुणी काही बोलायचं नाही, ती घाबरते.

मी म्हटलं, कोण घाबरतं?

तिने माझं बोट धरलं आणि मला एकेक पायरी सांभाळत खाली घेऊन गेली. ट्रकपर्यंत.