वाटाण्याएवढं क्रीम

नाशिक,
१२ एप्रिल १९९९

ती. सौ. गोदाक्कास,

गोविंदचा साष्टांग नमस्कार. (वाकून केला आहे, पण कपाळ जमिनीला टेकवलेलं नाही. कातडी अजून नवी आहे; का, ते खाली येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं अंगणातलं बर्फ उपसणं संपलं असेल अशी आशा. इकडे ऊन होळीच्या आधीच येऊन बसलं. आभाला सहावा महिना लागला, तब्येत छान आहे. जावई दर दोन दिवसांनी पुण्याहून फोन करून तिने काय खाल्लं ते मला सांगतात, आणि मी ते ऐकतो.

तू शेजाऱ्यांबरोबर पाठवलेली ती रेटिनॉलची ट्यूब पोचली. तुझी चिठ्ठीही होती. पण मी ट्यूब तेवढी काढून घेतली आणि खोका, त्यातल्या सगळ्या कागदांसकट, रद्दीवाल्याला दिला. (तुझ्या चिठ्ठीचं अक्षर आणि त्या औषधाच्या माहितीचं अक्षर दोन्ही मुंगीएवढी, मी चष्मा न लावता पाहिलं.) म्हणजे माझ्याकडे माहिती उरली ती तू फोनवर म्हणालीस तेवढीच : सटाण्याला जाशील त्याआधी हे तोंडाला लावत जा, सुरकुत्या कमी होतात. त्यापुढे तू काही सांगत होतीस, पण फोन कट झाला. आता वाटतं, महत्त्वाचं सगळं त्यापुढेच होतं.

सटाण्याचं ते स्थळ सुचवलंस तूच. संध्या, वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही, वडिलांमागे त्यांचं मेडिकल चालवते आणि आईला सांभाळते. मीनाला जाऊन सहा वर्षं झाली, एकट्याने किती दिवस पिठलं-भात खाणार, हे तुझं म्हणणं मला पटत होतं. पण एक्कावन्नाव्या वर्षी बस पकडून बाई बघायला जायचं या कल्पनेनेच मला घाम फुटत होता. तुला खोटं वाटेल, पण मी आरशात नीट पाहिलं ते मीना गेल्यानंतर पहिल्यांदाच. डोळ्यांखाली पिशव्या, कपाळावर तीन आडव्या रेघा, आणि नाकापासून ओठांपर्यंत दोन्ही बाजूंनी घळी. या चेहऱ्याला कोणी हो म्हणेल, असं मला वाटेना. भेटीला तीन आठवडे होते. मी ट्यूब उघडली.

आता मला सांग, सुरकुत्या तीन आठवड्यांत घालवायच्या तर माणूस जास्त लावील की कमी? दात घासायला ब्रशवर घेतो तेवढी पट्टी मी बोटावर घ्यायचो. सकाळी दाढी झाली की लगेच (म्हणजे ब्लेडने सोललेल्या कातडीवर), मग ऑफिसातून आल्यावर, मग झोपताना. चौथ्या दिवशी आग व्हायला लागली आणि मला बरं वाटलं. लहानपणी गुडघ्याला आयोडीन लावताना आई म्हणायची ना, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. शिवाय ऑफिसातल्या मोतीरामला मी चेहरा जरा ओढल्यासारखा होतो एवढंच बोललो (क्रीमचं अर्थातच नाही, पन्नाशीचा बाप्या तोंडाला क्रीम लावतो हे कळलं असतं तर मला रिटायर होईपर्यंत त्यांनी सोडलं नसतं), तर त्याने बेसनात लिंबू पिळून लावायला सांगितलं. तेही केलं. आणि असं तयार केलेलं तोंड घेऊन रोज भर उन्हात स्कूटरवरून सातपूरला जाऊन आलो.

दहाव्या दिवशी सालं निघायला लागली. आधी नाकाच्या कडेने, मग ओठांच्या कोपऱ्यांत, मग हनुवटीवर. हसलो की तोंड फाटल्यासारखं व्हायचं, म्हणून हसणं बंद केलं, तर साहेबांना वाटलं मी बदलीच्या यादीवर नाराज आहे. समोरच्या चिमणाबाईंनी (त्यांना तू ओळखत नाहीस, तू तिकडे गेल्यावर राहायला आल्या) दूध घेताना माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर नाकाला लावला, आणि अर्ध्या तासात आमच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला. कांजिण्या. गल्लीतल्या सगळ्या पोरांना माझ्या फाटकापाशी खेळायला बंदी झाली. अक्का, मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं, की बाई, कांजिण्या नाहीत, क्रीम आहे. मी म्हणालो, हो ना, फारच त्रास होतोय. ऑफिसात बातमी माझ्या आधी पोचली होती. मी अर्ज न करताच मला आठ दिवसांची रजा मिळाली. त्या आठ दिवसांत आग शमावी म्हणून मी काय करावं? तेच क्रीम आणखी लावलं. माझ्या मते ते पुरेसं पडत नव्हतं.

एकवीस मार्चचा रविवार उजाडला. भेट पुढे ढकलायची तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तोंडाला मफलर गुंडाळून सटाण्याच्या गाडीत बसलो. बाहेर उकाडा मरणाचा. शेजारी कांद्याचा एक शेतकरी होता, त्याने देवळ्यापर्यंत माझ्या मफलरकडे पाहिलं, मग मफलर सरकल्यावर आतल्या मालाकडे पाहिलं आणि फार मायेने विचारलं, "काय व्हयनं भाऊ, तोंडले?" मी म्हटलं, ऊन लागलं. त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. सबंध प्रवासात खोटं बोलून मिळालेली ती शेवटची सहानुभूती.

मेडिकलच्या मागेच त्यांचं घर. संध्याच्या आई गोजराबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या आणि मुलीला म्हणाल्या की माणूस रंगाने चांगला गुलाबी आहे. संध्याने मला खुर्ची दिली. उंच, शिडशिडीत, केसांत पांढरं भरपूर आणि ते लपवायचा प्रयत्न अजिबात नाही. चहा ठेवला, समोर बसली, आणि पहिलाच प्रश्न विचारला, की हे काय झालं. मी कांजिण्या म्हणालो. ती म्हणाली, कांजिण्या दाढीच्या रेघेशी येऊन थांबतात का? आणि अंगावर कुठे नाहीत त्या? मी चहात पाहू लागलो.

"कोणतं क्रीम लावलंत?" तिने विचारलं.

मी खिशातून ट्यूब काढून दिली. (हो, बरोबर नेली होती. भेटीआधी बस स्टँडवर एकदा लावायचा विचार होता.) तिने मागचं बारीक अक्षर चष्मा लावून सगळं वाचलं, ट्यूब चेपून किती उरलं ते पाहिलं, आणि हे कशासाठी केलंत म्हणून विचारलं. एरवी मी काहीतरी रचलं असतं. पण तोंड इतकं चुरचुरत होतं की रचायला बळ नव्हतं. म्हटलं, "तुम्हाला भेटायला यायचं होतं म्हणून."

तिने ट्यूबचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "मला एक्कावन्न वर्षांचा माणूस येणार म्हणून सांगितलं होतं. मी त्याचीच वाट बघत होते."

 यावर काही बोलायला तिने मला वेळ दिला नाही. उठून दुकानात गेली, औषधाच्या कागदी पिशवीवर पेनाने लिहून आणलं आणि वाचून दाखवलं, शाळेतल्या पोराला दाखवतात तसं. दोन आठवडे हे पूर्ण बंद. लिंबू, बेसन कायमचं बंद. साध्या पाण्याने तोंड धुवायचं आणि नुसती पेट्रोलियम जेली लावायची. कातडी पूर्ण बरी झाली की मग पुन्हा सुरुवात, तीही आठवड्यातून दोनच दिवस, फक्त रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. (सोललेला वाटाणा, असं तिने मुद्दाम सांगितलं, माझी कुवत तिने ओळखली होती.) डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, ओठांचे कोपरे सोडायचे. वरून साधं मऊ क्रीम. सोसलं तर महिन्याभराने एक दिवसाआड. दिवसा उन्हात जाताना सनस्क्रीन आणि टोपी, नाहीतर केलेलं सगळं वाया. आणि फरक दिसायला तीन महिने तरी लागतात. मी विचारलं, तीन आठवड्यांत नाही? तिने नुसतं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मग मी सहज बोललो, की उरलेली ट्यूब आभाला देऊन टाकणार होतो, तिच्या गालावर काळसर डाग यायला लागलेत. संध्याने आभाची चौकशी केली. तिला दिवस गेलेत म्हटल्यावर संध्याचा आवाजच बदलला. दिवस असताना या औषधाला हात लावायचा नाही, मूल अंगावर पीत असेल तोवरही नाही, आणि ते डाग बाळंतपणानंतर बहुधा आपोआप फिके होतात. दिलं तर नाही ना, असं तिने मला दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर ट्यूब स्वतःच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. अक्का, उरेल ती ट्यूब आभाला पाठवायचं आठ दिवस माझ्या मनात होतं, पार्सल करायला फक्त खोका सापडत नव्हता. येताना गाडीत मला सटाण्यापासून नाशिकपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

तर असं झालं. स्थळ म्हणून विचारशील तर तो विषय त्या दिवशी निघालाच नाही, आणि या वयात निघू नये हेच बरं. मी एकटा ठीक आहे. पिठलं आता चांगलं जमतं. भाऊजींना नमस्कार, तुमच्या तनयला आशीर्वाद.

तुझा,
गोविंद

ता. क. : ट्यूब तिच्या कपाटात राहिल्यामुळे चेहरा दाखवायला मला दर रविवारी सटाण्याला जावं लागतं. तीन रविवार झाले. काल ती म्हणाली की कातडी आता पूर्ण बरी आहे, यायची गरज नाही. मी म्हटलं, बरं. मग दोघंही साडेपाचच्या गाडीपर्यंत गोजराबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवत बसलो. साडेपाचची गाडी गेली.

ता. क. २ : पत्र लिहिलं ते खरं तर यासाठी. जूनमध्ये रजिस्टर लग्न करायचं म्हणतो आहोत. गोजराबाई इकडेच राहायला येतील. दुकान संध्या विकणार नाही, तिथे माणूस ठेवून आठवड्यातून दोनदा जाईल. आभाला कोणी सांगायचं? तिच्या आईच्या जागी कुणी, आणि तिची ही अशी अवस्था. तिला वाईट वाटलं तर मी हे सगळं सोडून देईन, आणि ते सोडणं मला जड जाईल, हेही तिला कळता कामा नये. माझ्याने सांगवणार नाही. तू फोन कर. तुझं ती ऐकते.

ता. क. ३ : पत्र चार दिवस टेबलावरच राहिलं. आज आभाचा फोन आला आणि मीच सगळं बोलून बसलो.  तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "बाबा, मी त्यांना काय म्हणून हाक मारू?"  तिचं सोड, मीच अजून संध्याला काय म्हणायचं ते ठरवू शकलेलो नाही; "अहो, ऐकलं का" असं दोघंही म्हणतो आणि दोघंही वळून पाहतो. तेव्हा तू आता आभाला फोन करू नकोस. तिच्यासाठी आणि माझ्यासाठी एकेक चांगली हाक सुचव, आणि लवकर कळव.