दारामागची काठी

प्रिय ताईला नमस्कार आणि तुझ्या बाळाला पापा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोलीत ऊनही येतं. तुझी कंबर कशी आहे?

माझी ड्यूटी असते त्या वॉर्डात डोक्याला मार लागलेले एक आजोबा आहेत. डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "मनातल्या मनात घराच्या दारात उभे राहा आणि काय दिसतं ते सांगा." मग म्हणाल्या, "आता खिडकीपाशी जाऊन दाराकडे बघा." तेव्हा आजोबांना निराळ्याच वस्तू आठवल्या.

गंमत म्हणून मीही मनातल्या मनात आपल्या घरात उभी राहिले, मी इकडे यायला निघाले त्या सकाळच्या. दारातून पलंग आठवला, कपाट आठवलं. खिडकीकडून बघितलं, तर दारामागे बाबांची काठी टेकलेली.

तू म्हणाली होतीस, बाबा पहाटेच मामाकडे गेलेत. काठीवाचून ते अंगणातही उतरत नाहीत, ताई. म्हणजे ते आतल्या खोलीतच होते.

मी नोकरीला लांब जाते याचा त्यांना राग होता, ते मला ठाऊक होतं. पण तू माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस. "ते परस्पर स्टँडवर येतील," असंही तूच म्हणालीस. त्यांची वाट बघत मी दोन गाड्या सोडल्या.

त्यांना काही विचारू नकोस. निघताना मी तुझ्याशी बोलत होते, ते त्यांनी आतून ऐकलं का आणि नंतर ते काय म्हणाले, तेवढं मात्र खरं लिही.

रागावलेली, तरी तुझीच
धाकटी