पेवातला बॅकअप

१० मार्च, सकाळी ९
रूपालीवहिनींनी आज सगळ्या ऑफिससमोर विचारलं, हवालदार, आपल्या मेल सर्व्हरचा बॅकअप कुठं असतो? म्हटलं, विचाराधीन आहे. वहिनी म्हणजे आमचे मालक धरणेंद्रआण्णा, त्यांच्या सूनबाई. हळदीचा एक्स्पोर्ट त्याच बघतात. त्यांचं म्हणणं, मेल पुण्याच्या कंपनीला देऊन टाकू आणि हवालदारांना गेटवर घेऊ, तिथं माणूस कमी आहे. गेटवर! आर्मीच्या सिग्नल्समध्ये एकोणीस वर्षं काढली ती सांगलीत येऊन शिट्टी फुंकायला? आण्णांनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. लय झाली.

११ मार्च
स्ट्रॅटेजी ठरवायला बसलो. वहीत तीन रकाने आखले: फुल, रोजचा, क्लाउड. रेघा झकास आल्या. बाकी उद्या.

१४ मार्च
क्लाउड रद्द. आपलं टपाल लोकांच्या घरात कशाला? आण्णांना पटलं. रोज थोडा थोडा बॅकअप, तोही रद्द. भित्र्या माणसाची कामं. एकदाच घ्यायचा, पूर्ण घ्यायचा. डिस्क दोन मागितल्या. आण्णा म्हणाले, एक हाय की.

२० मार्च
इंटरनेटवर वाचलं, एक प्रत ऑफिसबाहेर ठेवावी. घरी नको. घरी बायको आहे, सोनम, ती साफसफाईत काय भंगारात घालेल सांगता येत नाही. माझे आर्मीचे बूट असेच गेले.

२६ मार्च, दुपारी ४
सुचलं! हरिपूरचं पेव! बाकीचे व्यापारी आता हळद गोदामात ठेवतात, पण आण्णांनी हट्टानं आजोबांचं एक पेव चालू ठेवलंय. जमिनीत वीस फूट खड्डा, वर अरुंद तोंड. हळद ओतायची, तोंड मातीनं लिंपायचं. आत हवाच नाही, त्यामुळं कीड नाही. चोर नाही, आग नाही. असली जागा पुण्याच्या कंपनीकडं आहे का?

२७ मार्च
फत्ते! बॅकअप घेतला. डिस्क स्टीलच्या डब्यात, झाकणाला मेण, डबा पेवाच्या तळाला. पेव भरणारा तात्याबा म्हणाला, आवं, वरच्या थराला ठिवा, लागला तर घावंल. सिव्हिलियन माणूस, त्याला काय कळणार. खोल तितकं सेफ. वरून सगळी हळद ओतून घेतली. त्यानं विचारलं, ह्ये परत कवा काढायचं? म्हटलं, काढायची वेळच येणार नाही, त्यालाच बॅकअप म्हणतात. आण्णांनी पाठ थोपटली. वहिनी फोन घेऊन बाहेर गेल्या. जळतात.

४ एप्रिल
संकल्प: दर शुक्रवारी नव्या मेलचाही बॅकअप. आज डिस्क नाही. मागतो.

११ एप्रिल
आण्णा लग्नाला जयसिंगपूरला.

२५ एप्रिल
मागितली. आण्णा म्हणाले, पयली हाय न्हवं? खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीवर परत आलो.

२ जून
शुक्रवार कधी येतो नि जातो कळत नाही. पण एक आहे, मोठा बॅकअप झालेला असला की माणूस निवांत असतो.

७ जुलै, सकाळी १०.२०
सर्व्हर चालू होईना. धूळ झटकली, फुंकर मारली, उदबत्ती दाखवली.

दुपारी ३
मिरजेचा इंजिनिअर म्हणाला, आतली डिस्क गेली, काही निघणार नाही. मी शांत. त्यात दुबईच्या पार्टीनं आपला कंटेनर अडवलाय. नमुना आम्ही पास केलाच नव्हता म्हणतात. पास केल्याचा मेल आला होता, तारीख कुणाला आठवत नाही, वहिनींना तो हवाय. त्यांना म्हटलं, निर्धास्त राहा. मिळाला नाही तर गेटवर जाईन, असंही बोलून गेलो. जोरात बोललो. सगळ्यांनी ऐकलं.

८ जुलै
आण्णा पेव उघडू देईनात. दर चढल्याशिवाय पेवाला हात लावायचा नाही, हा आजोबांपासूनचा नेम. म्हटलं, फक्त डबा काढू. म्हणाले, डबा तळाला हाय. खरं आहे. तळाला आहे. कुणी पोचणार नाही अशी जागा निवडली, तर मीच पोचेना.

११ जुलै
वहिनी सासऱ्याशी भांडल्या. नेम मोडला. भर पावसात सहा माणसं ताडपत्री धरून उभी, पेवाचं तोंड उघडलं. तरी लगेच उतरता येत नाही, आतली हवा जीव घेते. तात्याबानं कंदील सोडला, विझला. उद्या परत सोडणार. माझ्याकडं कुणी बघत नाही.

१३ जुलै
सगळी हळद उपसली. अर्धी भिजली. डबा कोरडा ठणठणीत! डिस्क सुरू झाली! चार वर्षांचे मेल जसेच्या तसे! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. वहिनींनी स्वतः बसून शोधलं. शेवटचा मेल २७ मार्चचा. नमुना पाठवल्याची पावती काढली, तर दुबईचा मेल मे महिन्यातला.

आण्णा ओल्या हळदीत हात घालून उभे होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२१ जुलै, सकाळी १०, गेट
युनिफॉर्म पोटावर घट्ट होतो. सोनम म्हणाली, शोभतो. सव्वानऊला एक गाडी आली, पुण्याच्या कंपनीची. नियमाप्रमाणं थांबवली, नाव विचारलं, नंबर लिहिला. रजिस्टरात 'येण्याचे कारण' असा रकाना आहे. गाडीतली पोरगी म्हणाली, बॅकअप. माझ्या हातानं लिहिलं. मग गेट उघडलं आणि मेल सर्व्हरची खोली कुठं आहे ते तिला सांगितलं. सरळ जा, डावीकडं, खिडकीजवळची खुर्ची.