ताटावरचं फूल

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल लिहिलं की पोस्टर आईला आवडलं. चूक. आई एवढंच म्हणाली, "फूल फार मोठं केलंस गं," आणि कुकर लावायला गेली. आवडलं, हे मी माझ्या मनानं जोडलं. उत्तरा आत्याने मला तिसरीपर्यंत घरीच शिकवलं. न पाहिलेलं लिहिलं की ती पान फाडायला लावायची. ती भीती अजून हातात आहे.

बाकी पोस्टर उत्तम झालंय — हे मात्र मी पाहिलंय! आईच्या लग्नातलं स्टीलचं ताट. कडेला ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव, 'सौ. वैजयंती', आणि त्याच्या आधी तसंच ठिपक्यांचं आठ पाकळ्यांचं फूल. मी फूल तीन फुटी केलं, नाव खाली बारीक. सोबतच्या निबंधात लिहिलंय की हे फूल कुणी मागितलं नव्हतं, अज्ञात कारागिराने निव्वळ हौसेने काढलं. कॉलेजातले सर त्या वाक्यावर खूश. "बस, यही तुम्हारा प्रोजेक्ट है." दोन्ही द्यायचीयत पुढच्या शुक्रवारी.

७ नोव्हेंबर

'अज्ञात' कशावरून? मी कुणाला विचारलंच कुठे?

८ नोव्हेंबर, शनिवार

आत्याला फोन केला. म्हणाली, अज्ञात कसला, करोल बागेतले गुलाबराव! तेव्हा दिल्लीतली निम्मी मराठी घरं भांड्यांवर नावं त्यांच्याकडूनच घालून घ्यायची.

ताट पिशवीत घालून मेट्रोने गेले. गुलाबराव आहेत अजून. मुलाच्या भांड्यांच्या दुकानात दाराशी खुर्ची टाकून बसतात. हात थरथरतो, आता नावं घालत नाहीत. निबंधातलं वाक्य वाचून दाखवलं तर म्हणाले, अज्ञात म्हणजे मीच का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ताट उजेडाकडे कलतं धरून त्यांनी फुलावर बोट ठेवलं.

"हौस कसली, पोरी. याच्याखाली नाव आहे. अलका."

अलका म्हणजे आई. तिचं माहेरचं नाव. मामा अजून तिला तशीच हाक मारतो. माहेरच्यांनी ताटावर आधीच 'अलका' घालून ठेवलं होतं. लग्नात बाबांनी तांदळात 'वैजयंती' लिहिलं, आणि आजीला ताटावर जुनं नाव नको झालं. स्टीलवरचा ठिपका पुसता येत नाही. म्हणून फूल. गुलाबराव पुढेही काही सांगत होते, पण गिऱ्हाइकं आली आणि मी निघालेच.

घरी भिंग लावून पाहिलं. आहे! 'का'चा काना एका पाकळीचा देठ झालाय. दोन महिने मी हे रोज बघत होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

फूल काढून टाकलं. आता पोस्टरभर ठिपक्यांत एकच शब्द — अलका. निबंध पहिल्यापासून लिहिला, दडपलेल्या नावाबद्दल. पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झालाय, हे मला स्वच्छ दिसतंय. सर म्हणाले, मंजूर झालेला निबंध बदललास तर ग्रेड एकने उतरेल, सोच लो. सोचलं! उतरू दे. नाव झाकणाऱ्या फुलाची आरती ओवाळून मला ग्रेड नको.

इतकं निःशंक मला कधी वाटत नाही. आईला छापून आल्यावर एकदम दाखवणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दाखवलं. आई मेथी निवडत होती. हात पुसून उभी राहिली, खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, रडेल.

"आणि माझं फूल कुठे गेलं?"

तुझं?

मग पुन्हा मेथी हातात घेऊन सांगत बसली, भाजीच्या भावाबद्दल बोलावं तशी. आजीने बाबांना सांगितलं होतं, नावावर रेघ मारून आण. आई म्हणाली, माहेरी जायचंच आहे, मी नेते. वहीच्या कागदावर तिने आधी नावाचे ठिपके उतरवले आणि त्यांच्याभोवती फूल रचलं — प्रत्येक ठिपका कुठल्या ना कुठल्या पाकळीत बसेल असं. चार कागद फुकट गेले. पाचवा गुलाबरावांना दिला, त्यांनी जसाच्या तसा ठोकला. आजीनेही कौतुक केलं!

"मला ते झाकायचं नव्हतं गं. ठेवायचं होतं. तू तीन फूट केलंस तेव्हा धस्स झालं, आता कुणीतरी वाचणार म्हणून. आणि आज बघते तर तू रेघच मारलीस."

मी दुसऱ्या बाजूने मेथी निवडायला घेतली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फूल परत आणलं, तीन फुटी. नावाचे ठिपके लाल, बाकीचे राखाडी. निबंधात गुलाबराव आहेत, आई आहे. फॉर्मवर एक रकाना आहे — मूळ आरेखन कुणाचं. तिथे मला माझं नाव घालता येत नाही. सर वैतागले, मग तुला मार्क कशाचे देऊ? मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा.

आईला विचारलं, रकान्यात कुठलं नाव लिहू? म्हणाली, तू नको लिहूस. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय, ती येऊन स्वतः लिहिणार आहे. उद्या, शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता.