शेजपाळी १.४-३ हे पॅकेज कोणी बांधले

मी, चांगदेव भिमाजी कानडे, वय ६३ वर्षे, निवृत्त कालवा निरीक्षक, राहणार कळंब, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉ. अश्विनी भोर यांनी आज सकाळी मला तपासले. त्यांच्या मते माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. लिहू नका असे मात्र पत्नीने दोनदा सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. कळंब येथील राहते घर, परसातील विहिरीसह, माझ्या पश्चात पत्नी केशरबाई हिचे राहील. पूर्वेची भिंत सामाईक आहे असे माझा चुलतभाऊ जानकू कानडे सांगेल. ती सामाईक नाही. १९८८ साली मी ती एकट्याने बांधली, तेव्हा जानकू पलीकडे बाजेवर बसून बघत होता.

२. बँकेतील व पोस्टातील ठेवीही केशरबाईच्या. तिला त्या माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

३. पाण्याची खोली मोजायची पितळी पट्टी, विजेरी आणि गमबूट आमच्या पाणी वापर संस्थेच्या पाटकऱ्याला द्यावेत. गमबूट आठ नंबरचे आहेत. पट्टी खरी आहे, तिच्यावर कोणी वाद घालू नये.

४. आता माझी मुलगी तेजस्विनी हिच्या कामाविषयी. ती पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करत होती. ११ ऑगस्ट २००५ रोजी काविळीने गेली. वय एकोणतीस. त्याबद्दल मला येथे अधिक लिहायचे नाही.

तिने 'शेजपाळी' नावाची लायब्ररी लिहिली होती. शेजपाळी म्हणजे एका शेतामागून शेजारच्या शेताला ठरलेली पाण्याची पाळी. लायब्ररी स्वतः चालत नाही. दुसरे प्रोग्राम तिच्याकडून काम करून घेतात. आमच्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, पाणी शेपटाकडून, शेवटच्या शेतापासून, सुरू करून वर आणायचे, असा नियम आहे. चारीतून शेतात पाणी सोडायला दारे आहेत; कोणाच्या दाराला कधी आणि किती तास पाणी, ते शेजपाळी काढते. चारी कोरडी असली की ती भरण्यातच काही तास जातात. ते तास ती शेपटाच्या शेतकऱ्याच्या पाळीत मोजत नाही, कारण ते पाणी त्याला मिळतच नाही. ही गोष्ट मी तिला चारीच्या बांधावर दाखवली होती. कोड सगळा तिचा.

तिने ती आरपीएम पॅकेज करून तीन संस्थांना दिली. पॅकेज म्हणजे कोड मशीनला चालेल अशा रूपात तयार करून बंद केलेला. आत कोणती फाईल कुठे बसवायची याची यादी, आवृत्तीचा क्रमांक, आधीच्या बदलांची नोंद आणि वर करणाऱ्याची सही. समोरच्याने एक आज्ञा द्यायची की सगळे जागेवर बसते, जुने निघून जाते. सही जुळली नाही तर कॉम्प्युटर तसे सांगतो. तेजस्विनी म्हणायची, "अप्पा, तुमच्या दाराला कुलूप असतं ना, तसंच हे. कोणी मध्येच उघडलं तर कळतं."

५. तिचा कॉम्प्युटर, शेजपाळीचा मूळ कोड आणि तिच्या वह्या संस्थेचा कॉम्प्युटर सांभाळणारा राजरत्न भागुजी रोकडे, राहणार लोणी, यास द्याव्यात. कोड त्याने कोणी मागेल त्याला द्यावा. आजवर मी तो कोणाला दिला नाही. लोक म्हणाले मी धरून बसलो आहे, ते खरे आहे.

जानकूची जमीन चारीच्या तोंडाशी आहे. कोडसाठी तो तीन वेळा आला. "दादा, एवढं उलटं करून द्या की. वरून खाली. पाणी बी तसंच वाहतंय." त्यालाही कोड द्यावा. त्याने खुशाल उलटा करावा. पण ते पॅकेज त्याने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सहीने बांधावे, म्हणजे ते कोणाचे आहे हे शेपटाच्या लोकांना बसवण्याआधी समजेल.

६. हे कलम माझ्या मृत्यूनंतर संस्थेच्या सभेत मोठ्याने वाचावे.

शेजपाळी १.४-३ हे पॅकेज तेजस्विनीने बांधलेले नाही. ते मी बांधले. तिचे शेवटचे पॅकेज १.४-२.

ती गेल्यावर चारीवर दोन दारे वाढली. तिच्या वह्या वाचून पॅकेज बांधायला मी शिकलो. मला चार महिने लागले. चारी भरण्याच्या तासांचे नवे कोष्टक मी बरोबर केले, ते आजही बरोबर आहे. पण पॅकेजच्या फाईलींच्या यादीत ते कोष्टक लिहायचे राहिले. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर ते आधीच होते, म्हणून येथे सगळे नीट चालले. संस्थेत पॅकेज बसवताच जुने कोष्टक निघून गेले आणि नवे आलेच नाही. शेजपाळीने चारी भरायला शून्य तास धरले. शेवटच्या दाराच्या अंबाबाई पडवळ यांना पत्रकावर सहा तास होते. कोरडी चारी भरून पाणी त्यांच्या वाफ्यात दीड तास टिकले, मग पाळी वर गेली. त्या वर्षी त्यांचा कांदा लिंबाएवढा राहिला.

बदलांच्या नोंदीत मी माझे नाव लिहायला हवे होते. मी तिचे लिहिले, आणि तिच्या वहीतला परवलीचा शब्द वापरून तिची सही केली. तिचे काम पुढे चालू दिसावे असे वाटले. दुसरे कारण नाही.

सभेत अंबाबाई उठून म्हणाल्या, "मेलेल्या पोरीचं नाव घेऊ नाय, पर तिनंच माझा वाफा वाळवला. एवढी शिकून शेवटचं दार तिला दिसलं न्हाई." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. बोललो नाही.

राजरत्नने दुसऱ्या दिवशी जुने पॅकेज परत बसवले. मग घरी येऊन चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "सर, १.४-३ च्या नोंदीवर नऊ जानेवारी दोन हजार सहा तारीख आहे. ताईंना जाऊन तवा पाच महिने झालेले." मी कपबशा उचलल्या. तो म्हणाला, "मी कुणाला सांगत नाय. पर तारीख पुसता येत नाय." आजतागायत त्याने सांगितलेले नाही.

७. तेजस्विनीच्या सहीची किल्ली राजरत्नने कायमची रद्द करावी. तिच्या नावाने यापुढे काहीही बांधू नये, चांगले काम असले तरी नाही.

कळंब, ९ नोव्हेंबर २००९.

पुरवणी, १५ नोव्हेंबर २००९

वरील मृत्युपत्रावर ९ तारखेला सही होऊ शकली नाही. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम अंबाबाईंना बोलावले होते. त्यांना काही देत नसल्याने साक्षीला अडचण नव्हती. डॉक्टरांनी मजकूर वाचून दाखवला. सहावे कलम ऐकून अंबाबाईंनी पेन खाली ठेवले.

"काय वो भाऊ, हे तुमी मेल्यावर वाचायचं?"

मी होय म्हणालो.

"मी तुमच्यापरास चार वर्सांनी मोठी. मी आदी गेले तर मला कुठं येऊन सांगणार? त्या पोरीला मी भर सभेत बोलले. ते मला माघारी घ्यायचंय, आन् तुमी म्हणताय माझं मयत होऊ द्या, मग घे." मग केशरबाईकडे वळून म्हणाल्या, "तुला ठावं व्हतं का गं?" केशरबाई म्हणाली, "नव्हतं." आणि उठून आत गेली. अंबाबाई म्हणाल्या, "आयतवारी सभा हाय. तिथं वाचा. तवर मी सही करत नाय जा."

आज रब्बीच्या आवर्तनाची सभा झाली. सहावे कलम मी स्वतः उभे राहून वाचले. केशरबाई बायकांच्या बाजूला बसली होती. जानकू मागून म्हणाला, "म्हंजी बाप पोरीच्या नावावर चालवत व्हता व्हय?" मी म्हणालो, "होय. एकदा." अंबाबाई उठल्या. "पोरीला मी जे बोलले ते माघारी घेते. लिहून घ्या. आन् ह्यांना जे बोलायचं ते मी घरी बोलून घेतलंय." सभेने दोन्ही लिहून घेतले.

मूळ कोडची प्रत मी राजरत्नला या आठवड्यातच दिली होती. सभा संपल्यावर त्याने स्वतः बांधलेले १.४-४ बसवले. त्यात कोष्टक आहे, मी यादीशी ताडून पाहिले. बदलांच्या नोंदीत त्याने माझ्या सांगण्यावरून पुढील ओळ लिहिली आहे: '१.४-३ मधील चूक चांगदेव कानडे यांची. दुरुस्त केली.' खाली त्याचे नाव आणि त्याची सही आहे.

त्यामुळे सहाव्या कलमातील वाचनाची सूचना रद्द समजावी. मजकूर तसाच ठेवावा. बाकी सर्व कलमे कायम.

आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

चांगदेव भिमाजी कानडे (सही)

साक्षीदार
१. डॉ. अश्विनी भोर, कळंब (सही)
२. अंबाबाई कोंडाजी पडवळ, शेवटचे दार (सही)
सभेत ऐकले, मग सही केली.

कळंब, १५ नोव्हेंबर २००९