वाचनालयाच्या कपाटातलं औषध

गव्हाण,
फेब्रुवारी २०१७

प्रिय कल्पेश,

व्यसनमुक्ती केंद्रात फोन देत नाहीत, म्हणून पत्र. माझं अक्षर लावताना तुला नेहमीसारखा त्रास होईल, पण कर्जतच्या त्या डोंगराखाली सध्या तुला दुसरं काम तरी काय आहे? सखूकाकी परवा वाचनालयात आल्या होत्या. तुझी आई पहिल्यांदाच ती पायरी चढली. आधी पंख्याचं कौतुक केलं, मग बसल्या आणि मग रडल्या. पुढच्या आठवड्यात तुला सोडणार, हे त्यांच्याकडून कळलं. तू गावात न येता परस्पर उरणला मामाकडे जाणार आणि कंटेनर यार्डात नोकरी धरणार, हेही त्यांनीच सांगितलं. मला तू दोन ओळी लिहिल्या नाहीस. त्याचा राग आहेच, तो भेटल्यावर काढीन. पण रागापेक्षा तुझी आठवण जास्त येते.

शाळेचं वाचनालय अजून तसंच आहे, आणि ते अजून मीच सांभाळते. दिवसा मुलांचं, संध्याकाळी गावाचं. पोलीस भरतीचं पुस्तक उघडून तू माझ्याकडे बघत बसायचास, त्या खिडकीशी आता दुसरी मुलं बसतात आणि खरोखर अभ्यास करतात. पण सगळीच नाही. मागच्या व्हरांड्यात मध्यंतरी पाचवीच्या मुलींना काळे पडलेले चांदीचे कागद सापडले. चित्रकलेच्या तासाला चिकटवायला म्हणून त्या ओंजळ भरून माझ्याकडे घेऊन आल्या. ते गर्द ओढायचे कागद आहेत, हे मला तुझ्यामुळे माहीत होतं. मी ते काढून घेतले आणि त्यांना रंगीत घोटीव कागद दिले. नंतर मात्र हात धुताना मला सारखा तुझा दोस्त प्रितम आठवत राहिला.

तुझ्या बहिणीच्या, समृद्धीच्या हळदीबद्दल आपण कधी बोललोच नाही. आपल्याकडे हळदीला कुणी पिऊन पडला की त्याला मांडवाच्या कडेला चटईवर निजवायचं, तोंडात लिंबू पिळायचं, अंगावर चादर टाकायची. उजाडेपर्यंत अशी रांग लागते आणि बायका हसत हसत त्यांना ओलांडून कामाला लागतात. प्रितमही त्या रांगेत होता. घोरतोय म्हणून सगळे निर्धास्त होते. त्यानं दारूवर गर्द ओढला होता, हे एकट्या तुला माहीत होतं, आणि तू त्याच्याच शेजारच्या चटईवर निपचित पडला होतास. सकाळी तू उठलास, तो उठला नाही. त्यानंतर तू माझ्याकडे नीट पाहिलंही नाहीस. जणू माझ्याच घरातलं माणूस तू नेलंस.

गेल्या पावसाळ्यात पनवेलच्या डॉक्टर नीता शाळेत पालकांशी बोलायला आल्या होत्या. त्यांच्याकडून कळलं की गर्दनं श्वास मंदावला तर तो परत आणणारं एक इंजेक्शन असतं, नालोक्सोन नावाचं. ते टोचून लगेच दवाखान्यात न्यायचं, कारण त्याचा असर ओसरतो. मी तिथेच विचारलं, हे आमच्या कपाटात ठेवता येईल का? डॉक्टर त्यांच्या जबाबदारीवर द्यायला तयार झाल्या. पण मला नुसती परवानगी नको होती, नियम हवा होता. माझी मर्जी म्हणून ठेवलेली कुपी मी गेले की अडगळीत जाईल.

म्हणून ग्रामसभेत विषय मांडला. अपेक्षेप्रमाणे शाळा समितीचे काशिरामनाना भडकले. “शालेत असला औषद ठेवला तर लोक म्हनतील हितं गर्दच चालतंय. पोरींना स्थलं येतील का?” मी म्हटलं, नाना, भिंतीला वाळूच्या बादल्या टांगल्यात म्हणून शाळा जळाली असं कुणी म्हणत नाही. थोडे हसले, बाकीच्यांनी मला उद्धट ठरवलं. मग प्रितमची आई उभी राहिली. गंगाबाई सभेत कधी बोलत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणाल्या, “माज्या पोराला तुमी लिंबू पाजला, चादर घातली. चांगल्या मनानंच घातली. मी पन त्याला वलांडून गेली. मना वाटला, झोपलाय. आता जो पडंल त्याला झोपू नका देऊ.” पहिला हात नानांनीच वर केला. ठराव झाला: गावच्या शाळेत आणि वाचनालयात हे औषध असलंच पाहिजे, आणि ते देता येणारं माणूसही.

ते माणूस मी. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स शकूताईंनी शिकवलं. पाणी भरलेली सुई मोसंब्याला टोचायची. आठवडाभर इतकी मोसंबी टोचली की त्यांचा रस पिऊन बाबा म्हणाले, यंदा माल पाणचट आलाय. मी खरं सांगितलं नाही.

गावाला वाटतं, मी पोरांसाठी भांडले. त्यांच्यासाठी भांडलेच. पण दर मोसंब्याच्या जागी मला तुझा दंड दिसत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, केंद्रातून सुटून आलेल्याला सगळ्यात जास्त धोका. शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणूस पूर्वीइतकाच घ्यायला जातो. तेवढ्यानं जीव जातो. तू चांगला राहशील यावर माझा विश्वास आहे, आणि तरीही मला भीती वाटते. उरणच्या खोलीत तू दार लावून पडलेला असशील आणि कुणीतरी चादर घालून जाईल, हेच डोळ्यांसमोर येतं. म्हणून हे पत्र. उरणला जाऊ नकोस, गावात ये. बरा होऊन आलास तर त्या कपाटाकडे बघूही नकोस. पण पाय घसरायला लागला तर एकटा बसू नकोस, माझं दार वाजव. कितीही लाज वाटली तरी ये. कुणाला तोंड दाखवायची इच्छा नसली तरी ये. फक्त श्वास चालू असताना ये.

तुझीच,
अंकिता