चौथा खांदा

जव्हार, शुक्रवार

तीर्थरूप मामंजींना रूथचा सलाम.

दगड आला. नाशिकहून मालमोटारीने, काल दुपारी. दगडाचे अठरा रुपये, कोरणावळ अक्षरामागे दोन आणे, मोटारीचं भाडं सव्वातीन, उतरवून ओसरीत भिंतीशी टेकवायची हमाली बारा आणे. हमाल रुपयावर अडला होता. तुम्ही असता तर आठ आण्यांत उतरवून घेतला असता, आणि वर त्याच्या बायकामुलांसाठी प्रार्थना केली असती.

आजारपणात तुम्ही मला सांगून ठेवलं होतं, दगडावर काय कोरायचं ते. "हा आणि ह्याचे घराणे शेवटपर्यंत डगमगले नाही." मी कोरायला दिलं, "हा शेवटपर्यंत डगमगला नाही." घराणं काढून टाकलं. लोक म्हणतील, रूथने इथेही आणे वाचवले. म्हणू देत. मी पैशासाठी नाही काढलं. खोटं वाक्य कोरून तुमच्या उशाशी उभं करायचं मला जमेना. का ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि दुसरं कोणी सांगणार नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्या चिरंजीवांनी वेताळ नाचवला, मामंजी. गेल्या बोहाड्यात.

बसलात? आता सगळं ऐका. मध्ये उठून जायची तुमची सवय होती, ती आता चालायची नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा बोर्डिंगात मॅट्रिक झालेली मुलगी होते. बोहाडा म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. तुम्ही तर त्याचं नावही घरात काढू देत नव्हता. सांगितलं ते काशीने, तुमच्या धाकट्या भावाच्या मुलीने, जी अजून गावात आणि गावच्या देवांत आहे. बोहाडा म्हणजे रात्रभर मुखवटे घालून देवा-राक्षसांची सोंगं नाचवायचा गावचा उत्सव, आणि त्यात एकेका घराला एकेका सोंगाचा मान. कोणाकडे गणपती, कोणाकडे रावण. लाकडी मुखवटा बापाकडून मुलाकडे येतो आणि दुसऱ्या घरचा माणूस त्याला हात लावत नाही. तुमच्या घराला वेताळ. तुम्ही बाप्तिस्मा घेतलात आणि वेताळ पाटलाच्या आढ्याला टांगला गेला. तरी दरवर्षी त्याची पाळी आली की संबळ वाजायचा, टेंभे धरून दोघे पुढे जायचे, आणि टेंभ्यांच्या मागे कोणीच नसायचं. तेवढी मोकळी जागा सबंध गाव बघत उभा राहायचा. इतकी वर्षं! तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही त्या रात्री दार लावून गुडघ्यांवर बसायचात.

दरबार होता तोवर गावाने ते सोसलं. आपल्यातलं कोणी गेलं तर दिवाणसाहेबांच्या धाकाने खड्डा खणला जायचा, पेटीला खांदे मिळायचे. संस्थान विलीन झालं आणि धाक गेला. पाटील म्हणाले, आता स्वराज्य आहे, ज्याला गावाचा खांदा हवा त्याने गावाचं काम करावं. त्यात काही चूक होतं का? मी अजून विचार करते.

सासूबाई गेल्या त्या चैत्रात. उन्हाने पायाखालची माती फुटत होती. गावातल्या घरी पेटी तयार, आणि चार कोपऱ्यांना माणसं तीन. तुम्ही, हे, आणि चर्चचे पाळकसाहेब. पाटील स्वतः दाराशी आले होते. हात जोडून आले होते, मामंजी, ते मी विसरत नाही. यंदा वेताळ घ्या, म्हणाले, आत्ता वीस माणसं आणतो. तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि नाही म्हणालात.

मग माझ्याकडे बघितलंत.

मला सहावा महिना होता. नुसतं बघितलंत, आणि मी पदर खोचला. नाल्यातून पलीकडे, मग कबरींकडची ती चढण. पाळकसाहेब थांबत थांबत, हे मागे बघत बघत. तुम्ही पुढच्या कोपऱ्याला होतात, भजन म्हणत. एकदाही मागे वळला नाहीत.

आठ दिवसांनी मूल गेलं. मुलगा होता. तुम्ही म्हणालात, प्रभूची इच्छा. आणि ताटावर बसलात. त्या दिवशी कढी होती. संध्याकाळच्या प्रार्थनेत तुम्ही नेहमीसारखी गावातल्या प्रत्येक घरासाठी नाव घेऊन विनंती केलीत, पाटलांच्या घरासाठीही, खांदा न देणाऱ्या एकेकासाठी. माझ्या मुलाला नाव नव्हतं, म्हणून तो त्या प्रार्थनेत आला नाही. तुमचा आवाज जरासुद्धा कापला नाही. माणसाचा आवाज कधी तरी कापावा, मामंजी. देव काही त्याला अविश्वास म्हणत नसेल.

त्यानंतर मला दिवस राहिले नाहीत. तुम्ही जव्हारला आमच्याकडे राहायला आलात. मी तुमचं पथ्य सांभाळलं, तुमचे जुने सदरे उसवून मुलासाठी, म्हणजे जे मूल होणार होतं त्याच्यासाठी, दुपटी शिवली होती, त्यांचं कापड तुमच्या उशीच्या अभ्ऱ्याला लावलं. तुम्ही विचारलंत, कापड कुठलं? मी म्हणाले, घरातलंच. तुमच्याबरोबर रोज प्रार्थनेला बसले. तुम्ही शिकवलेली एकही प्रार्थना मी चुकवली नाही, हे तुम्ही तिथे सांगू शकता.

आणि मरताना तुम्ही ह्यांच्याकडून काय मागितलंत? मला गावात ठेव, तुझ्या आईच्या शेजारी. शब्द घेतलात. जव्हारला जागा होती. इथली ख्रिस्ती मंडळी पाच घरांची, त्यांतली तीन म्हाताऱ्यांची, तरी इथे कसंही निभलं असतं. पण तुम्हाला तीच चढण हवी होती. वेताळ घ्यायचा नाही आणि गावातच पुरायचं. दोन्ही कसं जमणार होतं? कोणाच्या खांद्यावर? मला वाटतं तुम्हाला ते माहीत होतं. तुमच्या कोपऱ्याला मंडळीतलं कोणी म्हातारं येईल आणि चौथा कोपरा मी परत धरीन, असं तुम्ही धरून चालला होतात.

मी धरलाही असता. गावी पेटी नेली तेव्हा पदर खोचला होता.

हे माझ्याकडे बघत होते. मग पाटलांच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते काशीकडून कळलं. पाटील म्हणाले, "तू येशूचं गाणं म्हण, आमी काय तोंड धरलंय तुझं? एक रात मुखवटा घाल. चार खांदं काय, आख्खा गाव उचलील म्हाताऱ्याला." हे म्हणाले, घालीन.

आख्ख्या गावाने उचललं तुम्हाला. माझ्यापर्यंत पेटीचा कोपरा आलाच नाही. कातळात खड्डा तयार होता, कडा तासून सरळ केलेल्या. ज्यांची नावं तुम्ही रोज घ्यायचात ते सगळे होते. पाळकसाहेबांना वाटलं, तुमच्या प्रार्थनेचं फळ. त्यांचे डोळे भरून आले होते. मला किंमत माहीत होती.

बोहाड्याला हे एकटे गेले. मी इथे दार लावून गुडघ्यांवर बसले, तुमच्यासारखी. दुसऱ्या दिवशी परत आले ते मान वाकडी धरून. मुखवट्याच्या दोरीने कानामागची कातडी सोलली होती. मी तेल हळद लावली. चार दिवसांनी बाजाराला काशी आली, दारातूनच सुरू झाली. "वयनी, दादा नाचला तं सगळी म्हातारी रडली. म्हणं, थोरला काकाच आला. तसाच डावा पाय आधी टाकतो." तुम्ही असे नाचायचात होय? आम्हाला कधी सांगितलं नाहीत. गावाने शेवटी तुम्हालाच नाचवून घेतलं, मामंजी. पोराच्या अंगातून.

पाळकसाहेबांच्या कानावर जायला किती वेळ लागणार? त्यांनी ह्यांना प्रभुभोजनातून, चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या पंगतीतून, काढलं. मंडळीसमोर उभं राहून चुकलो म्हणायचं, तोवर घरच्या प्रार्थनेतही बसवू नका, असं मला बजावलं. मी बसवलं नाही. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी आत वाचते आणि हे बाहेर पायरीवर बसतात. शेजारच्या हवालदारीणबाई कालपरवा हसत विचारत होत्या, साहेबांना उंबऱ्याबाहेर बसवायला काय झालं, विटाळ तर बायकांचा असतो ना? मी म्हटलं, आमच्यात उलटं आहे. पण माझं वाचून झालं की पायरीवरून हळूच आमेन येतं. ते ऐकून मी दिवा आतल्या खोलीत नेते.

मी ह्यांना म्हटलं, एकदा चुकलो म्हणा आणि संपवा. पाच घरं तर आहेत, त्यांतली दोघं बहिरी. हे हसले नाहीत.

"चुकलो असं मला वाटत नाही, रूथ. तू परत ती पेटी उचललेली मला बघायची नव्हती. वेळ आली तर परत घालीन मुखवटा. मग देवासमोर खोटं बोलू?"

मी विचारलं, निदान मुखवट्याच्या आत तुम्ही प्रार्थना म्हणत होतात ना? मला होय हवं होतं. एवढं होय म्हटलं असतं तर मी पाळकसाहेबांकडे जाऊन भांडले असते. हे म्हणाले, नाही. ताल चुकू नये एवढंच मनात होतं. आणि बाबांचा मुखवटा मला बरोबर बसला.

आता सांगा, कोणाला बाहेर बसवायचं? तुम्ही देवासाठी माझं मूल चढणीवर टाकलंत आणि दगडावर तुमचं नाव आलं. ह्यांनी माझ्यासाठी देव खाली ठेवला आणि ते पायरीवर आहेत. मी दोघांचंही खरं मानते. ती दोन्ही माझ्यात एकमेकांना चावत राहतात, आणि मी भाजी निवडत बसते.

तुम्हाला वचन देते, प्रार्थना ह्या घरात बंद पडणार नाही. कोणी हसलं तरी, मंडळीत मी एकटी उरले तरी. दगडही मी गावात नेऊन उभा करीन. उचलायला माणसं नाही मिळाली तर तो ओसरीत राहील, पण त्याच्यासाठी कोणी नाचणार नाही. आणि येत्या रविवारी दिवेलागणीला मी ह्यांना आत, तुमच्या जागेवर बसवणार आहे, चुकलो न म्हणता. पाळकसाहेब मग माझंही प्रभुभोजन बंद करतील. त्याशिवाय मी कशी जगेन, मला खरंच माहीत नाही. लहानपणापासून माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तुमची हरकत असेल तर उलट टपाली कळवा. रविवारपर्यंत टपाल दोनदा येतं. माझं मूल गेलं तेव्हा तुम्ही एक शब्द जास्त बोलला नव्हता, आताही बोलला नाहीत तर तो होकार समजेन.

तुमची सून,
रूथ